घरगुती क्रायो कूलर (मिक्स गॅस, एकच कंप्रेसर): उणे १२४ ला जाऊन अडकतोय

थंडगार_भोसरी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलोय म्हणून धागा काढतोय. जुन्या विंडो एसीचा एक टनी रोटरी कंप्रेसर पडून होता, त्याच्यावर मिक्स गॅसचा ज्यूल-थॉमसन कूलर बांधलाय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नुसता नायट्रोजन दाबून बारीक नळीतून सोडला तर खोलीच्या तापमानाला एका बारमागे जेमतेम पाव डिग्री उतरतो, म्हणून अशा मशीनला दीड-दोनशे बार लागतात आणि एसीचा कंप्रेसर त्याच्या जवळपासही जात नाही. मग युक्ती अशी की वेगवेगळ्या तापमानाला उकळणारे गॅस एकत्र भरायचे, जड गॅस आधी द्रव होतो, परत येताना उकळतो आणि जाणाऱ्या हलक्या गॅसला गार करतो, असं पायरी पायरीने खाली जायचं. कल्पना १९५९ सालची, क्लिमेंकोची. एलएनजी प्लांटमधे आजही याच तत्त्वावर प्रचंड मशिनं चालतात.

माझं मिश्रण: आयसोब्युटेन (उकळतो उणे १२ ला), प्रोपेन (उणे ४२), इथिलीन (उणे १०४), मिथेन (उणे १६१) आणि नायट्रोजन (उणे १९६). पहिले दोन फ्रीजवाल्यांचे आर६००ए आणि आर२९० चे कॅन, मिथेनचा छोटा सिलिंडर लॅब सप्लायवाल्याकडून, तो बराच महाग पडला. हीट एक्स्चेंजर म्हणजे पाव इंची तांब्याची नळी अर्ध्या इंचीच्या आत घालून गुंडाळी केली. ऑइल सेपरेटर दोन, एकापाठोपाठ एक, मग ड्रायर, मग एक्स्चेंजर, मग छत्तीसची कॅपिलरी (ज्यातून गॅस सोडायचा ती बारीक नळी). इन्शुलेशनला प्लायची पेटी आणि त्यात नर्सरीत कुंड्यांसाठी मिळतो तो परलाइट, हसू नका, मोठ्या टाक्यांत पण परलाइटच असतो, फक्त बारीक.

बंद असताना दोन्ही बाजूंना १३० पीएसआय. चालू केल्यावर डिस्चार्ज (कंप्रेसरमधून बाहेर पडतानाचा दाब) २६०, सक्शन (परत आत येतानाचा) २८. खाली छान उतरतो, उणे १२० च्या पुढे वेग कमी होतो आणि १२४ ला थांबतो. थोडा वेळ तिथेच, मग सक्शन हळूहळू पडत पडत व्हॅक्यूमकडे जायला लागतं, डिस्चार्ज चढतं आणि कोल्ड एंड गरम व्हायला लागतो. बंद करून सकाळी परत चालू केला की परत तेच. कॅपिलरीत काहीतरी गोठतंय हे कळतंय, पण काय? कोणाला अनुभव?

शंकासूर
धागा भारी, वाखु साठवली. पण एक बाळबोध शंका, एवढं करून मिळणार काय? आइसक्रीम?

थंडगार_भोसरी
@शंकासूर नायट्रोजनचा द्रव करायचाय. स्वतःच्या मशीनवर. त्यानंतर त्यात वायबीसीओ या सिरॅमिकची चकती बुडवून चुंबक तरंगवायचा, ती ९० केल्विनच्या थोडं वर सुपरकंडक्टर होते म्हणजे द्रव नायट्रोजनचं ७७ केल्विन पुरतं. बाकी उपयोग काही नाही, हौस.

गोठ्यातला_डॉक्टर
अहो द्रव नायट्रोजन पाहिजे तर आमच्याकडे या की! गावोगावी कृत्रिम रेतनाचा जो कंटेनर फिरतो त्यात दुसरं काय असतं. उरुळीकांचनला बायफ संस्थेचं गोठवलेल्या वीर्याचं केवढं मोठं काम आहे, तिथून कांड्या निघतात त्या शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत उणे १९६ मधेच प्रवास करतात. कंटेनरचं बूच घट्ट बसवायचं नसतं एवढं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, द्रवाचा गॅस झाला की सातशे पट जागा मागतो. हौसेला मोल नाही हे मान्य.

कोल्हापुरी_मिस्त्री
भावा मॉइश्चर हाय ते, डोळं झाकून सांगतो. फ्रीज रिपेरीत रोज बघतोय, कॅपिलरीच्या तोंडाला बर्फ धरतोय, सक्शन व्हॅक्यूमला जातंय, बंद करून ठेवलं की सुटतंय. व्हॅक्यूम किती मायक्रॉनला (आत उरलेला दाब, कमी तेवढं चांगलं) ओढलास? आणि गेजवर बघून ‘झालं व्हॅक्यूम’ म्हणत असशील तर त्याला काय अर्थ न्हाई, साध्या गेजचा काटा तीसवर टेकला तरी आत पाणी ऱ्हातंय. ड्रायर नवा हाय का उघडा पडलेला? आनि लीक टेस्ट कशानं केलीस ते पन सांग. काय काय लोक ऑक्सिजनचा सिलिंडर लावत्यात, तेल आनि ऑक्सिजन एकत्र आलं की कंप्रेसर बॉम्बगत फुटतोय, आमच्याकडं एक असंच गेलं.

थंडगार_भोसरी
मिस्त्री, टू स्टेज पंपाने ३०० मायक्रॉनपर्यंत ओढला, व्हॉल्व्ह बंद करून ठेवला तर ५०० च्या वर गेला नाही. मधे एकदा कोरडा नायट्रोजन सोडून परत ओढला. ड्रायर नवा, ब्रेझिंग करतानाच पाकीट फोडलं. लीक टेस्ट नायट्रोजननेच, रात्रभर ३०० पीएसआयवर. म्हणून तर मॉइश्चरवर विश्वास बसत नाहीये, आणि मॉइश्चर असतं तर उणे तीस-चाळीसलाच अडकायला हवं ना, १२४ पर्यंत कसं जाऊ देईल?

कोल्हापुरी_मिस्त्री
लई थोडं असलं तर वेळ लागतोय की धरायला. पन ५०० मायक्रॉन धरलंय म्हंजे काम चोख हाय. मग तेल असंल. रोटरी लई तेल फेकतोय.

प्रज्ञा_आइंडहोव्हन
तापमान कशाने मोजताय? के टाइप थर्मोकपल (तापमानाप्रमाणे व्होल्टेज देणारी वायरजोडी) आणि ते वाचणारं मॅक्स३१८५५ चं छोटं बोर्ड असेल तर तुमचे १२४ हे १२४ नाहीतच.

ती चिप थर्मोकपलला सरळ रेषा समजते, डिग्रीला ४१ मायक्रोव्होल्ट आणि थोडं वर, एवढंच तिला माहीत. शून्याच्या वर हे बऱ्यापैकी चालतं. खाली गेलं की के टाइप सुस्त होत जातो, उणे १५० च्या आसपास त्याला एका डिग्रीला २३-२४ मायक्रोव्होल्टच मिळतात, आणि चिप ते कमी व्होल्टेज बघून ‘अजून एवढं गार नाही’ असं सांगत बसते. टेबल घेऊन हिशेब केला, बोर्ड ३० डिग्रीला आहे असं धरून: खरे उणे १०० असतील तर ती ८५ दाखवेल, खरे १५० असतील तर ११८, आणि तुमचे १२४ म्हणजे खरे उणे १६०. द्रव नायट्रोजनमधे बुडवलं तरी बिचारी १४० च म्हणेल. (त्याआधीची ६६७५ तर शून्याच्या खाली वाचतच नाही.)

खात्री करायची असेल तर कोरडा बर्फ आणा, तो उणे ७८.५ ला असतो, तुमचं बोर्ड ६९ च्या आसपास दाखवेल. कायमचा उपाय म्हणजे ३१८५६, त्यात आतच टेबल आहे, किंवा सरळ पीटी१०० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) चार वायरींनी. पीटी१०० चं सोपं, शून्याला १०० ओहम, उणे १९६ ला साधारण २०.

थंडगार_भोसरी
ताई _/\_
३१८५५ च आहे. केक शॉपवाल्याकडून कोरडा बर्फ आणला, चुरा करून त्यात टोक खुपसलं: उणे ६८.७. पीटी१०० मागवलाय, तोपर्यंत तुमच्या टेबलावरून लॉगर मधे करेक्शन टाकलं. म्हणजे मशीन १६० ला जात होतं आणि मी इथे रडत होतो. आनंदाने वेडा व्हायची वेळ आहे पण अडकतंय ते अडकतंयच, फक्त खाली अडकतंय.

शंकासूर
म्हणजे मशीन नापास नव्हतं, पेपर तपासणारा नापास होता.

प्रज्ञा_आइंडहोव्हन
आता कोडं बदललं. आयसोब्युटेन उणे १५९.६ ला गोठतो, तुमचा आकडा बघून पहिला संशय त्याच्यावर जाणार, माझाही गेला. पण मिश्रणात तो प्रोपेन आणि इथिलीनमधे विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा गोठणबिंदू अजून खाली सरकतो, प्रोपेन तर एकटा असला तरी १८७ पर्यंत द्रव राहतो. म्हणून लगेच त्याच्यावर खापर फोडू नका.

त्यापेक्षा अडकल्यावर कंप्रेसर बंद करू नका, किंवा केलात तर दर मिनिटाला थोडा चालवून बघा आणि कोल्ड एंड आपोआप गरम होऊ द्या, हीटर असेल तर अगदी हळू. लॉगरवर तापमान आणि सक्शन दोन्ही एका आलेखावर. ज्या तापमानाला सक्शन झपकन परत वर येतं, तिथे तुमचा चोर सापडला. पाणी असेल तर शून्याजवळ सुटेल. तेल असेल तर झपकन काही होणार नाही, उणे साठ-चाळीसच्या पट्ट्यात हळूहळू मोकळं होत जाईल. ब्युटेन असेल तर १६० च्या वर येताच सुटलाच पाहिजे. कार्बन डायऑक्साइड असेल तर उणे शंभरच्या आगेमागे, कारण पलीकडे दाब कमी असला की तो ७८ च्या बराच आधी उडतो.

आणखी एक, मिश्रणाबद्दल. तुम्ही वजनकाट्यावर जे भरलं ते फिरत नसतं. आयसोब्युटेन आणि प्रोपेन कंप्रेसरच्या तेलात मजेत विरघळतात, काही एक्स्चेंजरमधे द्रव होऊन साठून राहतं, त्यामुळे कॅपिलरीतून जो गॅस जातो त्यात हलक्यांचं प्रमाण कागदावरच्यापेक्षा जास्त असतं. पेपरमधली टक्केवारी जशीच्या तशी भरून ‘माझं का चालत नाही’ म्हणणारे खूप भेटतात. त्या लोकांनी डिस्चार्जचं सँपल काढून क्रोमॅटोग्राफवर तपासलेलं असतं. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी मुंबईच्या प्रा. अत्रेंची क्रायोजेनिक इंजिनिअरिंगची लेक्चर्स आहेत ती बघितली नसतील तर बघाच, पाया पक्का होतो.

अवांतर: मी राहते त्या गावात फिलिप्सने स्टर्लिंग इंजिनावर काम केलं, मूळ हेतू वीज नसलेल्या ठिकाणी रेडिओ चालवायचा, आणि तेच इंजिन उलटं फिरवून पन्नासच्या दशकात हवा द्रव करणारं मशीन विकायला काढलं. रेडिओ राहिला बाजूला.

निवृत्त_फोरमन
बाकी तांत्रिक चालू द्या, मला दोन गोष्टी खटकल्या त्या बोलतो, राग मानू नका.

सक्शन व्हॅक्यूमला जातं आणि तुम्ही बघत बसता? आत प्रोपेन, इथिलीन, मिथेन आहे. एखाद्या फ्लेअरमधून (नळीच्या जोडातून) हवा आत ओढली गेली तर तेच मिश्रण पुढे अडीचशे पीएसआयला दाबलं जाणार, आणि गरम कंप्रेसरमधे. लो प्रेशर कटआउट ५ पीएसआयवर लावा, आजच. ते मिनिटामिनिटाला चालवून बघायचं तेही कटआउट लावल्यावरच. हाय साइडला रिलीफ व्हॉल्व्ह आहे का? त्याचं तोंड खिडकीबाहेर काढलंय का? रिले, स्विच, लॉगरचा सप्लाय सगळं पेटीपासून लांब आणि वर ठेवा, प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, आणि दोन टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीची वाट बघतो.

दुसरं म्हणजे प्लायची पेटी. आज १६० ला आहात, उद्या १९१ च्या खाली गेलात तर बाहेरच्या गार नळीवर हवेतला ऑक्सिजन आधी द्रव व्हायला लागतो. जो थेंब पडतो त्यात निम्म्याच्या आसपास ऑक्सिजन असतो. तो प्लायमधे, फोममधे मुरला की ते लाकूड राहत नाही. ऑक्सिजन प्लांटवर नोकरी झाली माझी, तिथे लाकडी फळी टाकलेली दिसली तरी आरडाओरडा व्हायचा. पत्र्याची पेटी करा आणि आत कोरडा नायट्रोजन अगदी बारीक सोडत राहा, परलाइटमधे बाष्पही शिरणार नाही.

थंडगार_भोसरी
काका, राग कसला. कटआउट लावला. रिलीफ आहे, ३५० ला, पण तोंड खोलीतच होतं, नळी लावून बाहेर काढतोय. पेटी पत्र्याची करायला टाकली.

आणि ताई, चोराचा पत्ता लागला बहुतेक. काल अडकू दिलं, मग तुम्ही सांगितलं तसं हळूहळू गरम. १६० ला काही नाही, १५०, १४० काही नाही, मिस्त्रींचं तेल म्हणून मी साठची वाट बघायला चहा टाकायला गेलो आणि उणे १०३ ते ९८ च्या मधे सक्शनची रेघ सरळ उभी चढली, पाच-सहा पीएसआयवरून थेट तीसवर. परत गार केलं, परत अडकवलं, परत तिथेच सुटलं.

म्हणजे सीओटू? पण मी सीओटू भरलाच नाही!

केळीवाला_जळगाव
भाऊ, इथिलीन कुठून आणलं?

थंडगार_भोसरी
रायपनिंग चेंबरला पुरवठा करणाऱ्याकडून, छोटा सिलिंडर. लॅब ग्रेडचं मिळायला नाव-गाव-कारण सगळं विचारतात.

केळीवाला_जळगाव
मग तिथेच घोळ आहे. आमचं केळीचं चेंबर आहे, हा गॅस रोजचा. शुद्ध इथिलीन हवेत पावणेतीन टक्क्यांपासून पार छत्तीस टक्क्यांपर्यंत पेटतं, म्हणून पिकवायच्या गॅसमधे पुष्कळदा नायट्रोजन नाहीतर सीओटू मिसळून देतात, चेंबरला काय, शंभर पीपीएमच्या आत पाहिजे असतं, फळाला बाकीच्या गॅसशी देणंघेणं नाही. आणि तुमचा शुद्ध म्हणून दिला असेल तरी छोटे सिलिंडर भरणारे आधी त्यात काय होतं ते बघतात का? सोड्याच्या गॅसचा सिलिंडर, थोडा शिल्लक, व्हॅक्यूम न करता वरून भरला की झालं.

बघायला मशीन नको. पानाच्या दुकानातून चुना आणा, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी ग्लासात घ्या आणि नळी बुडवून गॅसचे बुडबुडे सोडा. शाळेतला प्रयोग आहे. पण बाहेर अंगणात करा, विडी-काडीपासून लांब.

कोल्हापुरी_मिस्त्री
आयला, चुन्याची निवळी! हे गेजपेक्षा भारी.

थंडगार_भोसरी
केळीवाले भाऊ, तुम्हाला साष्टांग. मिथेनचे बुडबुडे सोडले, निवळी स्वच्छ. प्रोपेन, स्वच्छ. इथिलीन सोडलं आणि बघता बघता ताक.

आता हे साफ कसं करायचं? नवीन सिलिंडरची खात्री कोण देणार.

गोठ्यातला_डॉक्टर
सोडा लाइम. भूल द्यायच्या मशीनमधे पेशंटच्या श्वासातला सीओटू शोषायला जे पांढरे दाणे असतात ते. सर्जिकल दुकानात मिळतात, वापरले की जांभळे पडतात म्हणजे संपले कधी तेही कळतं.

प्रज्ञा_आइंडहोव्हन
डॉक्टर बरोबर. फक्त सोडा लाइम सीओटू घेताना पाणी सोडतो, म्हणजे मिस्त्रींचं मॉइश्चर मागच्या दाराने आत. म्हणून त्याच्यानंतर मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे बारीक भोकांचे दाणे) हवाच, आणि तो ३ए घ्या. ४ए किंवा १३एक्स घेतलात तर त्यात इथिलीनच शिरून बसेल, ३ए ची भोकं इतकी लहान की पाणी जातं, इथिलीन जात नाही. इथिलीन प्लांटमधे गॅस सुकवायला तोच वापरतात. ओव्हनमधे २५० ला भाजून गरम असतानाच बरणीत बंद करा.

आणि भरताना क्रम: जड आधी वजनावर, मग हलके दाबावर. आयसोब्युटेन कमी करा, थोडा. १७० च्या खाली जायचं तर तो एवढा नको.

थंडगार_भोसरी
अपडेट. जुना चार्ज (आत भरलेला गॅस) बाहेर मोकळ्यावर सोडून दिला, परत व्हॅक्यूम, इथिलीन सोडा लाइम आणि ३ए मधून अगदी सावकाश नेलं, निवळी शेवटपर्यंत स्वच्छ राहिली तेव्हाच आत घेतलं. पीटी१०० पण आला, चार वायरी, कोल्ड एंडच्या तांब्याच्या ठोकळ्यात भोक पाडून बसवला.

१६० सरळ ओलांडलं. विना लोड उणे १७६ ला स्थिर, पीटी१०० चे २८.८ ओहम. सक्शन २५, हलत नाही. रात्रभर चालवला, अडकला नाही.

लोड टेस्ट: ठोकळ्याला ४७ ओहमचा मेटल रेझिस्टर, २४ व्होल्ट, म्हणजे १२ वॅटच्या किंचित वर. वर येऊन उणे १६५ ला थांबला आणि तिथेच राहिला. कंप्रेसर आत्ता एक किलोवॅटच्या आसपास खातोय.

शंकासूर
अभिनंदन हो! पण एक किलोवॅट घालून बारा वॅट? हा तर आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा हिशेब झाला.

प्रज्ञा_आइंडहोव्हन
@शंकासूर निसर्गच एवढा महाग विकतो. आदर्श मशीन असलं तरी ७७ केल्विनला एक वॅट उचलायला तीन वॅट लागतातच, द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला सत्तरच्या वर. खरी मशिनं त्याच्या कितीतरी पट खातात. हौशी एक्स्चेंजरला हे वाईट नाही.

@भोसरी आता नायट्रोजन. १ बारला तो १९६ ला द्रव होतो, पण ८ बारला उणे १७३ च्या आसपासच होतो, १३ बारला १६५ ला. म्हणजे तुमच्या ठोकळ्याभोवती नळी गुंडाळून कोरडा नायट्रोजन १३-१४ बारने सोडलात तर आत्ताच्या मशीनवर द्रव होईल. खोलीच्या तापमानापासून एक लिटर करायला साधारण ३५० किलोज्यूल, १२ वॅटवर आठ तास. आणि दाब सोडून बाहेर काढताना तिसरा हिस्सा उकळून उडेल, तो धरून बारा तास समजा. उडणारा गार गॅस येणाऱ्या नायट्रोजनवरून फिरवला तर थोडा वाचेल.

निवृत्त_फोरमन
१४ बारच्या नळीला दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असतील तर मधल्या भागाला वेगळा रिलीफ. दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे द्रव अडकला तर नळी फाटते. खोलीला खिडकी उघडी ठेवा, नायट्रोजनला वास नसतो.

कोल्हापुरी_मिस्त्री
कॅपिलरी किती लांब ठेवलीस भावा? सक्शन २५ हाय म्हंजे अजून थोडी कापायला वाव हाय, गॅस जास्त फिरंल, लोडला १६५ च्या खाली ऱ्हाईल. एकदम नको कापूस, चार बोटं कापायची, बघायचं.

थंडगार_भोसरी
तीन मीटर आहे. पेटी पत्र्याची आली की परलाइट उपसावाच लागणार आहे, तेव्हाच कापतो आणि नायट्रोजनची गुंडाळीपण त्याच वेळी बसवतो. काका, मधला रिलीफ लिहून घेतला. डॉक्टर, तुमच्याकडचा जुना, व्हॅक्यूम गेलेला नव्हे, चांगला दोन-तीन लिटरचा कंटेनर विकायला निघाला तर सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर
तीन लिटरचा आहे एक, बूच सैल झालंय पण व्हॅक्यूम ठीक. व्यनि करतो.